दोन मिनिटांची ऑडिशन आणि तीन आठवड्यांची फाईल: संगीत नाटकासाठी मुलाला पाठवताना काय तयार ठेवाल?

गेल्या वर्षीची गोष्ट. भंडारा शहरातल्या, आमच्या ओळखीच्या एका घरातली अकरा वर्षांची मुलगी नागपूरला एका संगीत बालनाट्याच्या ऑडिशनला गेली. अब्बूंनी त्या दिवशी दुकान बंद ठेवलं, सकाळची एसटी पकडली. मुलीचा गळा गोड. मोहल्ल्यातल्या मिलादच्या कार्यक्रमात नात पढते, शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी गाते. त्यामुळे घरात कुणाला शंकाच नव्हती.

तिचा नंबर आला. पेटीवर बसलेल्या काकांनी विचारलं, "बेटा, पट्टी कोणती?" मुलगी अब्बूंकडे बघायला लागली. अब्बू म्हणाले, "मोबाईलमध्ये ट्रॅक आहे ना." ट्रॅक व्हॉट्सॲपवर आलेला, पण डाउनलोड केलेला नव्हता आणि सभागृहात रेंज नव्हती. दीड मिनिट तसंच गेलं. शेवटी ती साथीशिवाय गायली, घाबरून फार वरून सूर लावला आणि अंतऱ्यात आवाज अडकला. त्यानंतर कागद तपासायला घेतले, तर जन्मदाखल्यावर नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. "कळवतो" म्हणाले. कुणी कळवलं नाही.

त्या मंडळींना दोष देण्यात अर्थ नाही. समोर साठ-सत्तर मुलं बसलेली असतात आणि प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. आमचं म्हणणं एवढंच की मुलीचा गळा कमी पडला नाही. तिची दोन मिनिटं मोठ्यांनी फोन आणि कागद शोधण्यात घालवली. त्यानंतर आम्ही मुलांच्या तालमी घेणाऱ्या आणि पेटी-तबल्याची साथ करणाऱ्या काही जाणत्यांशी बोललो. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो आहोत.

आपल्याकडे संधी कुठे असते?

ऑडिशन म्हटलं की लोकांना मुंबई आणि टीव्ही आठवतो. खरं तर भंडारा जिल्हा गाण्याच्या नाटकांच्या मुलखातच वसलेला आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर मिळून झाडीपट्टी होते. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री नाटक लागतं. या रंगभूमीचं केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज, आणि ते आपल्या लाखांदूर तालुक्याला लागूनच आहे. प्रयोग रात्री उशिरा सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. गाण्याशिवाय ते नाटक कुणी बघणार नाही. त्याच्याही आधीची दंडार आहे, खडीगंमत आहे. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्यांना झाडीपट्टी म्हणजे काय ते कळलं.

मुलांसाठी आणखी काही दारं आहेत. राज्य सरकारचं सांस्कृतिक कार्य संचालनालय दरवर्षी बालनाट्य स्पर्धा घेतं. त्यासाठी शाळा आणि संस्था आपापले संघ बसवतात आणि संघ निवडताना मुलांची चाचणी होते. नववी ते बारावीच्या मुलांसाठी केंद्र सरकारचा कला उत्सव २०१५ पासून सुरू आहे. त्यात जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्या असतात. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी दिल्लीच्या सीसीआरटीची सांस्कृतिक प्रतिभा शिष्यवृत्ती आहे. ती पारंपरिक संगीत, नृत्य आणि नाट्यासाठीही मिळते. शिवाय नागपुरात उन्हाळ्यात बालनाट्य शिबिरं होतात. आपल्याकडून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं.

जागा वेगळ्या असल्या तरी मागतात जवळजवळ तेच: एक गाणं, थोडा संवाद, थोडी हालचाल आणि कागद. म्हणून एकच फाईल नीट केली की ती सगळीकडे चालते.

"हे आपलं काम नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडंसं

मराठी संगीत रंगभूमी आणि मुस्लिम कलावंत हे नातं जुनं आहे, पण आपल्याच मुलांना ते माहीत नसतं. बालगंधर्व गात तेव्हा तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत. 'संगीत स्वयंवर'च्या (१९१६) चाली ज्या भास्करबुवा बखल्यांनी बांधल्या, ते नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकलेले. अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर स्वतः रंगमंचावर उतरल्या. आणि बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख. १९६७ साली आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकातलं खाँसाहेबांचं पात्र लिहिलं ते नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी आणि गाजवलं ते विदर्भातल्याच मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांनी.

हे सांगितलं म्हणून प्रत्येक घराने मुलाला नाटकात घालावं असं नाही. काही घरांत गाण्या-नाटकाबद्दल वेगळं मत असतं आणि तो त्या घराचा प्रश्न आहे. मात्र जे काही ठरवायचं ते फॉर्म भरण्याआधी ठरवा. निवड झाल्यावर दादाजान नको म्हणाले आणि मुलाला घरी बसावं लागलं, अशी दोन उदाहरणं आम्हाला माहीत आहेत. त्यात मूल हिरमुसतं ते वेगळंच, शिवाय पुढच्या वेळी त्या मोहल्ल्यातल्या मुलांचं नाव घेताना संस्थेचे लोकही कचरतात.

गाणं: पट्टी कागदावर लिहा

पट्टी म्हणजे मूल ज्या सुराला 'सा' मानून गातं ती पेटीवरची जागा. पेटीच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्यांना नंबर असतात: पांढरी एक, काळी एक, पांढरी चार, काळी चार असे. आमच्या त्या मुलीची पट्टी काळी चार निघाली. एखाद्या भजनी मंडळाचे किंवा कव्वाली पार्टीचे पेटीवाले शोधा, त्यांच्याकडे अर्धा तास बसा आणि पट्टी ठरवून घ्या. मुलाने ठरवलेलं गाणं पूर्ण गायचं. सर्वांत खालचा सूर पुटपुटल्यासारखा येतो का आणि सर्वांत वरच्या सुराला मान ताणावी लागते का, हे दोन्ही बघायचं. जिथे दोन्ही टोकं सहज जमतात ती पट्टी. ती गाण्याच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात ठळक लिहून ठेवा. पेटीवाल्यांनी विचारायच्या आतच त्यांना दिसली पाहिजे.

इथे एक चूक फार होते. यूट्यूबवरचा कराओके ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो. मोठ्या माणसाच्या आवाजासाठी केलेल्या ट्रॅकवर दहा वर्षांचं मूल गायला लागलं की एक तर खाली गुरगुरतं, नाही तर वर किंचाळतं. ट्रॅकची पट्टी वरखाली करणारी ॲप्स आहेत, पण फार हलवलं की वाद्यांचा आवाज विचित्र होतो. त्यापेक्षा दुसरं गाणं घ्या, किंवा फक्त पेटीवर गा.

बारा-चौदा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. या वयात आवाज फुटतो. दिवाळीत ठरवलेली पट्टी होळीपर्यंत राहीलच असं नाही. म्हणून ऑडिशनच्या आठवडाभर आधी पुन्हा तपासा. आवाज फुटत असेल तर सरळ कागदावर तसं लिहा, त्यात लाज वाटायचं कारण नाही. परीक्षकांना हे माहीत असतंच, उलट लिहिलेलं असलं की ते वरचे सूर मागत नाहीत.

गाणी दोन ठेवा आणि ती एकमेकांसारखी नकोत. एक शांत आणि लांब श्वासाचं, दुसरं चालतं, खेळकर, हातवाऱ्यांना जागा असलेलं. संगीत नाटकात नुसता सूर बघत नाहीत. मूल गाताना कुणाशी तरी बोलतंय असं वाटतं का, तेही बघतात. मुखडा आणि एक अंतरा, एकूण दीड मिनिटाच्या आत. सुरुवातीच्या वाद्यसंगीताला कात्री लावा. वीस सेकंद नुसती बासरी वाजत असताना मूल दोरीसारखं ताठ उभं राहतं आणि त्याचा अर्धा धीर तिथेच संपतो.

साथीदारासाठी वेगळा कागद करा. एका बाजूला, मोठ्या अक्षरात शब्द. वर पट्टी, ताल आणि लय: केरवा, दादरा की त्रिताल. गाणं समेवरून उठतं की आधी, ते खुणेने दाखवा. नोटेशन करणारं कुणी असेल तर उत्तम, नसेल तर शब्दांवर समेची फुली पुरते. हा कागद चकचकीत प्लास्टिकच्या पाकिटात घालू नका, कारण दिव्याखाली त्यावर उजेड पडतो आणि पेटीवाल्यांना काही वाचता येत नाही. साधा कागद, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. आम्हाला हे एका साथीदारांनी जवळजवळ हात जोडून सांगितलं.

नात म्हणावी का, असं बऱ्याच पालकांनी विचारलं. आमचं मत असं: नात पढल्याचा अनुभव माहितीपत्रकात जरूर लिहा, कारण त्यातून श्वास, उच्चार आणि सभेसमोर उभं राहायची सवय होते. पण ऑडिशनला ती म्हणू नका. तिथे गुण द्यायला बसलेली माणसं मध्येच हात करून थांबवतात, वरची पट्टी घे म्हणतात, नाचून दाखव म्हणतात. नातीचा अदब तिथे कसा राहील?

ट्रॅक लागणारच असेल तर तो फोनमध्ये डाउनलोड केलेला, शिवाय पेनड्राईव्हवर आणि आणखी एका फोनमध्ये. फाईलला मुलाचं नाव आणि गाण्याचं नाव द्या, 'ऑडिओ २३४७' असं राहू देऊ नका. ब्लूटूथवर विसंबू नका, वायर सोबत न्या. वाजवताना फोन फ्लाईट मोडवर ठेवा, नाही तर मधल्या ओळीत मामूजानचा कॉल येतो.

संवाद: ळ, ण आणि आपली मुलं

एक मिनिटाचा मराठी संवाद पाठ हवा. पालक इथे उगाच जड, ऐतिहासिक भाषणं निवडतात. मूल तलवार उपसल्यासारखं ओरडतं आणि परीक्षक वहीकडे बघतात. त्याच्या वयाचं बोलणं निवडा: हरवलेली सायकल, आईशी भांडण, परीक्षेचा निकाल. छापील नाटकातला उतारा मिळाला तर चांगलंच. नाही तर शाळेतल्या मराठीच्या मॅडमकडून दहा-बारा ओळी लिहून घ्या. त्या हौसेनं देतात.

उच्चारांचं थोडं सांगायला हवं. आपल्या कित्येक घरांत हिंदी-उर्दू बोलतात, बाहेर झाडीबोली. झाडीबोलीत ण आणि ळ जवळजवळ नाहीत, 'पाणी'चं 'पानी' होतं. उर्दू घरात 'ळ'चा 'ल' होतो. नाटक प्रमाण मराठीत असेल तर हे लगेच कानावर येतं. रोज दहा मिनिटं फक्त ळ आणि णच्या शब्दांची यादी मोठ्याने वाचायची. 'चंद्र' आणि 'चाक' यांतला च वेगळा आहे, हेही मुलाला ऐकवून दाखवा. साधारण तीन आठवड्यांत फरक पडतो, एका रात्रीत पडत नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. ख़, ज़, ग़ हे आवाज आपल्या मुलांना सहज येतात. एखाद्या नाटकात खाँसाहेबांचा, शायराचा, सरदाराचा मुलगा हवा असेल तर हीच जमेची बाजू ठरते. आणि झाडीपट्टीच्या नाटकात झाडीबोली बोलता येणं हा गुणच आहे. म्हणून माहितीपत्रकात भाषांच्या रकान्यात सगळं लिहा: मराठी, झाडीबोली, हिंदी, उर्दू. मूल घरातली भाषा लपवायला लागलं की त्याचा स्टेजवरचा आवाजही दबतो, असं आम्ही पाहिलंय.

फाईल: काय, कुठल्या क्रमाने

साधी दोन रिंगांची फाईल घ्या. पहिलं पान माहितीपत्रकाचं, एकाच पानात. मुलाचं नाव, जन्मतारीख, इयत्ता, उंची, भाषा, काय शिकलंय, आधी कुठे भाग घेतलाय, आणि पालकाचा फोन नंबर. घरचा पूर्ण पत्ता आणि मुलाचा स्वतःचा नंबर लिहू नका, त्याची कुणाला गरज नसते. उंची मात्र खरी आणि ताजी लिहा. मुलांच्या नाटकात बहीण-भाऊ, राजा-प्रधान अशा जोड्या जमवताना उंचीवर पुष्कळ ठरतं. अनुभव नसेल तर 'पहिलीच वेळ' असं लिहा. गावच्या दंडारीत माकडाचं काम केलं असेल तर तेही लिहा. खोटी यादी केली की दुसऱ्याच प्रश्नाला मूल अडकतं आणि खोटं बोलायचं ओझं त्याच्या डोक्यावर येतं.

दुसऱ्या पानावर फोटो. एक चेहऱ्याचा आणि एक पूर्ण उंचीचा. साधी भिंत, दिवसाचा उजेड, फिल्टर नाही, पावडर-लाली नाही. मुलगी स्कार्फ बांधत असेल आणि बांधूनच काम करणार असेल तर फोटोही स्कार्फमध्येच काढा. नंतर सांगून गोंधळ करण्यापेक्षा हे बरं.

मग गाण्यांचे कागद, त्यामागे संवाद. या सगळ्यांच्या दोन-दोन प्रती, एक साथीदाराला आणि एक परीक्षकांना. शेवटी ओळखीचे कागद: जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार. फक्त झेरॉक्स ठेवा, मूळ कागद अम्मी-अब्बूंच्या पिशवीत. प्रत्येक झेरॉक्सवर 'फक्त अमुक ऑडिशनसाठी' असं लिहून तारीख टाका. आधारची मास्क केलेली प्रत काढता येते, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. बहुतेक ठिकाणी ती पुरते.

नावाचा घोळ

या एका कारणाने आपली मुलं जितकी अडकतात तितकी गाण्यामुळे अडकत नसतील. जन्मदाखल्यावर 'शेख' आधी, शाळेत नंतर. एकीकडे 'मोहम्मद', दुसरीकडे 'मो.', तिसरीकडे 'मोहम्मद'च्या इंग्रजी स्पेलिंगचे तीन प्रकार. मुलीच्या दाखल्यात 'बानो' आहे, आधारवर नाही. नगर परिषदेतला कारकून, शाळेतले सर आणि आधार केंद्रातला पोरगा, तिघांनी तीन तऱ्हेनं लिहिलेलं असतं आणि आपण कधी शेजारी ठेवून बघत नाही.

आज रात्रीच तिन्ही कागद शेजारी ठेवा. फरक असेल तर कोणता कागद धरून चालायचं ते ठरवा, साधारणपणे जन्मदाखला. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत सोपी असते. मुख्याध्यापकांना अर्ज द्या आणि ते सांगतील ते पुरावे जोडा. शाळा सोडल्याचा दाखला हातात आल्यावर हेच काम फार किचकट होतं. आधारमध्ये मुलाचे बोटांचे ठसे आणि फोटो पाच आणि पंधरा वर्षांचं झाल्यावर अपडेट करावेच लागतात, त्या फेरीत नावही बघून घ्या. ऑडिशनपर्यंत दुरुस्ती झाली नाही तर अर्जाची पोच फाईलला लावा. पोच बघून बहुतेक लोक समजून घेतात. हे काम शिष्यवृत्तीला, दहावीच्या फॉर्मला, पुढे पासपोर्टलाही उपयोगी पडतं. नाटक झालं नाही तरी ही मेहनत वाया जात नाही.

आपल्या अटी आणि कायदा

घरच्या अटी एका कागदावर लिहा: पोशाख कसा चालेल, तालीम किती वाजेपर्यंत, सोबत कोण असेल, जुम्म्याची किंवा अरबीच्या क्लासची वेळ कोणती, रमजानमध्ये रोजे असतील तर काय, बाहेरगावी मुक्काम चालेल का. हा कागद पहिल्याच दिवशी समोर ठेवू नका, पण निवड झाली की होकार देण्याआधी अदबीने दाखवा. चांगले दिग्दर्शक चिडत नाहीत. उलट त्यांना वेळापत्रक करायला सोपं जातं. सगळं मान्य होईल असं नाही, काही गोष्टींवर तडजोड करावी लागते. कुठल्या गोष्टींवर होऊ शकते आणि कुठल्यांवर नाही, हे आधी घरात बोलून ठेवा.

आता कायदा, कारण झाडीपट्टीचे प्रयोग रात्री असतात आणि तिकिटावर चालतात. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ मध्ये नियम आले. शाळा बुडणार नसेल तर मुलाला कलाकार म्हणून काम करता येतं, पण अटी आहेत. व्यावसायिक कार्यक्रमात मुलाला घ्यायचं तर आयोजकाने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम नाही. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती हवी. मिळालेल्या पैशातला किमान वीस टक्के हिस्सा राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावाने मुदत ठेवीत जायला हवा. आणि मुलाची स्वतःची मर्जी नसेल तर त्याला भाग घ्यायला लावता येत नाही. शेवटची अट आयोजकांसाठी आहे, पण हौशी आई-वडिलांनीही ती एकदा वाचावी.

शाळेच्या गॅदरिंगला आणि शाळेच्या स्पर्धेला एवढ्या सगळ्याची गरज पडत नाही. पण कुणी पैसे देऊन प्रयोगाला बोलावत असेल तर "परवानगी घेतली का?" हा एक प्रश्न विचारायचाच.

आणि पैसे मागणाऱ्यांपासून सांभाळा. "मुलगा सिलेक्ट झाला, पोर्टफोलिओचे पंधरा हजार भरा" असा फोन आला तर समजा की नाटक नाहीच. शिबिराची फी वेगळी, तिची पावती मिळते. निवड झाल्याबद्दल मुलाकडून पैसे घेणारी संस्था खरी नसते. ऑडिशन शाळेत, सभागृहात, तालमीच्या जागेत होते. लॉजच्या खोलीत बोलावलं तर दारातून परत फिरा. पालकांना बाहेर थांबवतात हे ठीक, पण आतून कडी लावलेली चालणार नाही. मुलाला कुणी नको तसा हात लावला तर पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो आणि मदतीसाठी १०९८ हा नंबर आहे. फाईलच्या कव्हरच्या आतल्या बाजूला तो लिहून ठेवा. मुलालाही पाठ हवा.

शेवटचा आठवडा

घरातल्या बैठकीत एकदा पूर्ण रंगीत तालीम करा. चार शेजारी बसवा. एकाने मध्येच "बस, पुढचं" म्हणायचं, एकाने नाव विचारायचं, एकाने "हेच रडत म्हण" सांगायचं. मूल गोंधळेल, गोंधळू द्या. अर्ध्यात थांबवलं म्हणजे नापास झालो असं मुलांना वाटतं आणि तिथेच डोळे भरून येतात. थांबवतात ते वेळ नसतो म्हणून, हे आधी सांगून ठेवा.

व्हिडिओ पाठवायचा असेल तर फोन आडवा धरा, उजेड चेहऱ्यावर पडू द्या, पंखा बंद ठेवा. सुरुवातीला नाव, वय आणि गाव. एकाच दमात घेतलेला साधा व्हिडिओ चालतो. मागे गुलाबाची फुलं पडणारा नको.

त्या दिवशी सकाळी पोट अर्धं भरलेलं, पाणी कोमट. चिप्स आणि थंड पेय परतीच्या वाटेसाठी राखून ठेवा. कपडे हालचाल करता येईल असे, नवे बूट नकोत. गाडी अर्ध्या तासाने उशिरा येईल असं धरूनच निघा. वरठीहून रेल्वेने जाणाऱ्यांनी तर एक गाडी आधीची पकडावी. आणि आत जाताना फाईल मुलाच्या हातात द्या. ते कुठलं पान कुठे आहे हे त्याला माहीत असलं पाहिजे, कारण आतमध्ये अम्मी नसते.

बाहेर आल्यावर कसं झालं विचारू नका. आधी खाऊ घाला. मग एसटीत बसल्यावर फाईलच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहा: काय विचारलं, कुठे अडलं, कोण काय म्हणालं. तारीख टाका.

सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी या वर्षी दुसऱ्या एका बालनाट्याच्या चाचणीला गेली. मागच्या वेळचं पान तिच्या फाईलमध्ये होतं, त्यावर तिच्याच अक्षरात 'पट्टी काळी चार, ट्रॅक नको' असं लिहिलेलं. नावाची दुरुस्तीही झाली होती. तिला कोरसमध्ये घेतलं, शिवाय चार ओळींचा एक संवाद मिळाला. तालमी रविवारी असतात. अब्बू तिला सकाळच्या एसटीने घेऊन जातात आणि तालीम संपेपर्यंत सभागृहाच्या पायरीवर बसून दुकानाचा हिशोब लिहितात.